परक्या बोक्याला दार बंद: चुंबकाचा फ्लॅप की चिपचा?

मागच्या दाराला साधा कॅट फ्लॅप, म्हणजे मांजराला ये-जा करायची झुलती झडप आहे आणि रात्री गल्लीतला बोका आत येऊन वाटी चाटून जातो, अशा घरांसाठी हे लिहितोय. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. आमची मांजर चिंगी सहा वर्षांची आहे. गेल्या चार वर्षांत आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला मांजर 'ओळखणारे' दोन फ्लॅप लागले, आधी चुंबकाचा आणि मग चिप वाचणारा. माझा अनुभव एवढाच. तुमचं मांजर वेगळं असेल, दार वेगळं असेल, तेव्हा त्या हिशेबाने वाचा.

पट्ट्याला चुंबक आणि दाराला कडी, अशी पहिल्याची रचना. चुंबक जवळ आला की कडी खाली पडते. स्वस्त असतो, बसवायला सोपा, आणि कडीचा आवाज अगदी बारीक, त्यामुळे भित्रं मांजरही बिचकत नाही. चिंगी दोन दिवसांत शिकली. फक्त वाटेतलं जे जे लोखंडी ते तिच्या गळ्याला चिकटायचं. एकदा बागेतला बोटभर गंजका खिळा हनुवटीखाली लटकवून आली आणि तशीच माझ्या मांडीवर चढली. तरी तेही चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते जानेवारीतल्या एका रात्रीचं. दोनच्या सुमाराला खाली काहीतरी धप् धप् वाजत होतं. दिवा लावला तर ओट्याखाली तो केशरी, जाड मानेचा बोका चिंगीच्या वाटीत तोंड घालून बसलेला. त्याच्या गळ्यात निळा पट्टा, आणि पट्ट्याला आमच्यासारखंच चुंबकाचं लोलक. दाराच्या काचेपलीकडे चिंगी. बाहेर धो धो पाऊस, अंग चिप्प भिजलेलं, आणि ती कपाळाने फ्लॅपला धडका देत होती. तिच्या गळ्यात पट्टाच नव्हता.

मी दार उघडलं, बोका माझ्या पायांमधून निसटला आणि चिंगी सरळ रेडिएटरखाली जाऊन बसली. टॉवेलने पुसताना तिचे पंजे बर्फासारखे लागत होते. किती वेळ बाहेर होती, देव जाणे.

दोष ना तिचा, ना पट्ट्याचा. मांजराचा पट्टा झाडाच्या फांदीत अडकला तर झटक्यासरशी सुटायलाच हवा, नाहीतर फास बसतो. त्यामुळे चांगला पट्टा हरवणारच. आमचे वर्षभरात पाच हरवले. पट्टा गेला की किल्ली गेली आणि बोक्याचं फावलं. शिवाय हा फ्लॅप कोण आलंय ते बघतच नाही, फक्त चुंबक आहे की नाही तेवढं बघतो. शेजारच्या रस्त्यावर कुणीही तसाच फ्लॅप बसवला की त्यांच्या मांजराला तुमचं घर मोकळं. त्या रात्री आमच्याच पैशांनी लावलेल्या दाराने आमच्या मांजराला बाहेर ठेवलं होतं, आणि ते मला काही केल्या विसरता येईना.

पट्ट्याला लावायची इन्फ्रारेड किंवा रेडिओची किल्ली हा मधला पर्याय. ती किल्ली फक्त तुमच्या दाराची असते, त्यामुळे दुसऱ्याचा बोका आत येत नाही. पण ती लटकते पट्ट्यालाच. माझा प्रश्न अर्धाच सुटला असता, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

मग चिपचा घेतला. मांजराच्या खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप बसवलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. फ्लॅपच्या बोगद्यातल्या रीडरकडून ऊर्जा मिळते तेवढ्यापुरती ती जागी होते आणि आपला पंधरा आकडी नंबर सांगते. ही चिप इंग्लंडात आता तशीही टाळता येत नाही. 10 जून 2024 पासून मांजर वीस आठवड्यांचं होण्याआधी त्याला चिप बसवणं सक्तीचं आहे, आणि न बसवल्यास 500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे किल्ली मांजराच्या अंगात आधीच आहे, तिच्यावर निराळा खर्च नाही, आणि ती झाडावर अडकून पडत नाही. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ निक हिल यांनी शुअरफ्लॅप हा चिप वाचणारा फ्लॅप काढला तो त्यांच्या फ्लिपर नावाच्या मांजराला परक्या मांजरांचा त्रास होता म्हणून. हे वाचलं तेव्हा वाटलं, आपली अडचण कळणारा माणूस भेटला.

आता यातल्या उण्या बाजू. किंमत चुंबकाच्या तीन-चार पट. कुलूप उघडताना 'खट्' असा आवाज होतो आणि तो नेमका मांजराच्या कानाशी होतो. चिंगी पहिले तीन दिवस जवळ फिरकेना. फ्लॅप चिकटपट्टीने वर धरून ठेवला, पलीकडे एशियन दुकानातली सुकट ठेवली, मग पट्टी रोज थोडी सैल करत गेलो. दहाव्या दिवशी ती आपली आपण आत आली. घाई केली असती तर बिघडलं असतं, असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे साध्या चिप फ्लॅपमध्ये तपासणी फक्त आत येताना होते, बाहेर जायला दार मोकळं. हुशार बोका बाहेरून नख अडकवून फ्लॅप आपल्याकडे ओढतो आणि खालून डोकं घालतो. आमच्या केशरी महाशयांनी दोनदा हा प्रयत्न केलेला मी पाहिलाय. काही फ्लॅपमध्ये हे अडवायला जादा कुलपाची सोय असते. घेण्यापूर्वी ती आहे का, हे जरूर विचारा. आणि फ्लॅप चार बॅटऱ्यांवर चालतो, त्या संपत आल्याचा लाल दिवा लुकलुकला की त्याच दिवशी बदला. 'उद्या बघू' म्हणू नका, कारण बॅटरी संपली तर पुन्हा पावसात तीच बसणार.

आत-बाहेर दोन्हीकडे चिप वाचणारे फ्लॅपही मिळतात. घरात दोन मांजरं असतील आणि त्यातलं एक आजारी किंवा लहान म्हणून आतच ठेवायचं असेल, तर तेच घ्या. एकाच मांजरासाठी मला तरी गरज वाटली नाही. फोनवर कळवणारे आहेत, त्यांच्याबद्दल माझं मत डळमळीत आहे. एरवी नको वाटतात, पण आपण डिसेंबरात चार आठवडे पुण्याला असताना मांजर रात्री घरी आलं का, हे तिकडून दिसणं ही मोठी सोय आहे. शेजाऱ्यांवर मांजर सोपवून जाणाऱ्यांनी विचार करावा.

दाराचं म्हणाल तर यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या दाराच्या खालच्या पॅनेलमध्ये काम सोपं. डबल ग्लेझिंगची दुपदरी काच मात्र कापता येत नाही, भोक असलेली नवीन काच बनवून घ्यावी लागते, आणि तो खर्च फ्लॅपपेक्षा जास्त होऊ शकतो. दार धातूचं असेल तर रीडरला अडथळा येतो. भाड्याच्या घरात आधी मालकाला विचारा.

तुमचं मांजर पट्टा टिकवत असेल, आसपास कुणाकडे चुंबकाचा फ्लॅप नसेल आणि हात आखडता असेल, तर चुंबकाचा वाईट नाही. मी पुन्हा घेणार नाही, एवढं खरं.

चिपचा घेणार असाल तर आधी व्हेटकडे जाऊन चिप स्कॅन करून घ्या. कधीकधी ती सरकून पुढच्या पायाच्या वर गेलेली असते, आणि मग मांजर दारात डोकं घालून उभं राहतं पण कुलूप काही उघडत नाही. चिंगीची थोडी डावीकडे सरकली होती, म्हणून फ्लॅप बसवताना मी तिला दारातून चारदा आत घेऊन पाहिलं. चारही वेळा 'खट्' वाजलं, तेव्हा कुठे शेवटचे स्क्रू आवळले.