प्रोजेक्ट सेलचा रिव्ह्यू: साडेतीन स्टार, तेही तिथल्या मॅडममुळे

आमच्या संस्थेत (नाव नको, केंद्राच्या पैशावर चालते आणि पीएचडी देते एवढं पुरे) गेल्या वर्षी प्रोजेक्ट सेल सुरू झाला. सरकारी प्रोजेक्ट असलेल्यांनी खरेदी, जेआरएफची (प्रोजेक्टवरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोची) नेमणूक, यूसी (निधी कसा खर्च झाला याचा दाखला) सगळं एकाच खिडकीवर करायचं, अशी आयडिया. वर्ष होत आलं म्हणून लिहितेय.

आधी कसं होतं, तर पिपेट टिप्सची चार पाकिटं हवी असली तरी नोटशीट (मंजुरीसाठीची टिपणी), मग विभागप्रमुख, मग अकाउंट्स, मग रजिस्ट्रार, आणि प्रत्येक टेबलावर आवक-जावक. मग जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांसाठी नियम सैल केले, कोटेशनशिवाय थेट खरेदी 1 लाखाऐवजी 2 लाखांपर्यंत, खरेदी समितीची मर्यादा 10 वरून 25 लाख, शिवाय संशोधनाचं खास सामान जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेरून घ्यायचा अधिकार संचालकांना. आम्ही फक्त पेढे वाटायचे बाकी होतो.

ऑगस्टमध्ये 1 लाख 40 हजारांच्या अँटीबॉडीज मागवायला गेले तर अकाउंट्सचे काका म्हणाले, मॅडम तीन कोटेशन जोडा. म्हटलं काका नियम बदललाय. तर म्हणे आमच्याकडे सर्क्युलर आलेलं नाही. मोबाईलवर दाखवलं तर प्रिंट आणा, प्रिंट नेली तर त्यावर संचालकांची सही आणा. आता ही अँटीबॉडी बनवणारी कंपनीच एक, तिचा इथला डीलरही एक, मग तीन कोटेशन येणार कुठून? तोच डीलर हसत हसत बाकीची दोन 'सपोर्टिंग' आणून देतो, हे काकांनाही माहितीये आणि ऑडिटवाल्यांनाही असणारच.

इथे सेल कामी आला. तिथल्या मॅडमनी संचालकांकडून एकदाच ऑफिस ऑर्डर काढून घेतली आणि आता प्रत्येक नोटशीटला तिची कॉपी लावतात, विषय संपला. पुढची ऑर्डर सहा दिवसांत गेली हो, आधी दोन महिने धरून चालायचे!

दीड स्टार कापलाय तो ऑनलाइन फॉर्मसाठी. सगळं भरून सबमिट करायचं, मग त्याचीच प्रिंट काढून, सही करून, त्याच खिडकीवर द्यायची, म्हणजे ऑनलाइन नक्की काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. यूसीचंही तेच, खर्चाचे आकडे अकाउंट्सकडे असतात तरी पीआयने (प्रोजेक्टच्या प्रमुखाने) परत टाईप करायचे आणि एका रुपयाचा फरक आला की पहिल्यापासून.

जेआरएफचं काम मात्र छान, जॉइनिंगनंतर पहिला पगार वेळेत झाला, आमच्याकडे हे नवलच.

एक सांगून ठेवते, मॅडम कॉन्ट्रॅक्टवर आहेत आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट 31 मार्चला संपतंय, बरोब्बर यूसीच्या गर्दीत. मुदतवाढीची नोटशीट सध्या काकांच्या टेबलावर आहे, त्यामुळे ज्यांची काही कामं अडकलीयेत त्यांनी याच महिन्यात उरकून घ्या.