वांगासाठी ग्लुटाथिओनच्या गोळ्या: दिवाळीपासून नवतपापर्यंत

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आले. मलमं लावून झाली होती. गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर ग्लुटाथिओनच्या गोळ्या सुरू केल्या. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी, त्यात ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथिओन आणि जोडीला व्हिटॅमिन सी. आमच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना विचारूनच घेतली. "घ्या, पण उन्हाचं सांभाळलं नाही तर पैसे पाण्यात," असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

चव आंबट-गोड, घेववते. रिकाम्या पोटी छातीत जळजळायचं, नाश्त्यानंतर घ्यायला लागले तेव्हा थांबलं. खर्च मात्र दर महिन्याला टोचतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जी ती म्हणत होती, चेहरा उजळला गं तुझा. फोटोही तेच सांगत होते. मी ते नेहमी एकाच खिडकीशी, सकाळच्या उजेडात, काही न लावता काढायचे. तुम्हीही असेच काढा, आरशाच्या भरवशावर राहू नका. डागांच्या कडा खरंच फिक्या झाल्या होत्या.

मग नागपूरचा उन्हाळा आला. मार्च संपता संपता गाल पुन्हा काळवंडायला लागले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागला, आणि तेव्हाचा फोटो दिवाळीच्या फोटोशेजारी ठेवला तर दोन्ही सारखेच. गोळी तीच, वेळ तीच, गाडीवर दुपट्टाही तसाच घट्ट बांधलेला. बदललं होतं ते ऊन. माझी खात्री झाली की हिवाळ्यात जे श्रेय गोळीला दिलं, त्यातलं बरंचसं थंडीतल्या सौम्य उन्हाचं होतं. आपल्याकडे लग्नसराईच्या तोंडावर हे कोर्स सुरू होतात आणि फेब्रुवारीत भरभरून अभिप्राय येतात. त्या बाया खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांचा मे महिना अजून यायचा असतो.

ग्लुटाथिओन आपलं शरीर स्वतःच बनवतं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते आवर घालतं, त्यामुळे कल्पना चुकीची नाही. पण तोंडावाटे घेतलं की बरंचसं आतड्यातच मोडून जातं. थायलंडमधल्या ज्या अभ्यासाचा दाखला बरेचदा दिला जातो, त्यात ६० निरोगी वैद्यकीय विद्यार्थी होते आणि तो चार आठवड्यांचा होता. वांगासारख्या वर्षानुवर्षांच्या चिवट दुखण्याला त्यावरून भरवसा कसा द्यायचा?

यंदा गोळ्या बंद ठेवल्या आणि मॅडमनी दिलेलं त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लावलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, या प्रकाशानेही गडद होतो, साध्या पांढऱ्या सनस्क्रीनमधून तो बराचसा आत येतो. घरून निघताना एकदा आणि दुपारी डबा खाल्ल्यावर पुन्हा, एवढं नेमाने केलं. या मेमधले डाग गेल्या मेपेक्षा स्पष्टपणे फिके आहेत. ओठावरचा डाग मात्र हटत नाही. तो खोलवरचा आहे, तिथे वेळ लागेल असं मॅडम म्हणतात.

गोळ्यांनी माझं नुकसान झालं नाही, पण पुन्हा घेणार नाही. ज्यांना घ्यायच्याच आहेत त्यांनी निदान एक उन्हाळा अंगावरून जाऊ द्यावा, मगच मत बनवावं. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर घेऊच नका. आणि गोळीने झालं नाही म्हणून कुणी ग्लुटाथिओनचं इंजेक्शन सुचवलं तर सरळ नाही म्हणा. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने गोरेपणासाठी दिल्या जाणाऱ्या या इंजेक्शनांबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे.

ट्रॅनेक्सामिक ॲसिडची गोळी ही वेगळी गोष्ट. वांगावर तिचा उपयोग होतो, पण ती रक्त गोठण्याशी संबंधित औषध आहे. मला ती सुचवण्याआधी मॅडमनी घरात कुणाला पायात रक्ताची गाठ झाली होती का, मी गर्भनिरोधक गोळ्या घेते का, हे सगळं विचारलं. मेडिकलमधून परस्पर आणून ती सुरू करू नका.