पहिलं फॉस्फेट कोणतं घ्यावं? विवियनाइट, लडलामाइट, फॉस्फोफिलाइट आणि वेवेलाइट समोरासमोर

पुण्यातल्या कुठल्याही खनिजसंग्राहकाचं कपाट घ्या, आत काय असेल ते न उघडता सांगता येतं. वाघोलीचा निळाभोर कॅव्हनसाइट, शेजारी पांढरा नाहीतर गुलाबीसर स्टिल्बाइट, हिरवट अ‍ॅपोफिलाइट, एखादा ह्यूलँडाइट. सगळी सिलिकेटं, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या सांगाड्याची खनिजं. फॉस्फेटचा, म्हणजे फॉस्फरस-ऑक्सिजनवाल्या खनिजांचा, खण मात्र रिकामा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये फॉस्फरस थोडाफार असतो, पण तो अ‍ॅपेटाइटच्या सूक्ष्म सुयांमध्ये अडकून बसलेला. खडकातल्या पोकळीत उतरून डोळ्यांत भरणारे स्फटिक व्हावेत इतका तो सुटत नाही. त्यामुळे हा खण भरायचा तर रविवारी सकाळी दगडखाणीवर चक्कर मारून भागत नाही. परदेशी नमुना मागवायचा, वर कुरियर आणि कस्टम ड्यूटी भरायची. एवढा खर्च करायचा तर चार पर्याय नीट पारखून घेतलेले बरे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी लडलामाइट घ्यावा. हात आखडता असेल तर वेवेलाइट. विवियनाइट फक्त त्यांनी, ज्यांना काळा पडत जाणारा दगड सांभाळण्यातही मजा वाटते. फॉस्फोफिलाइटबद्दल पुढे बोलू, त्याची गोष्ट आपल्या भोसरी-चाकणशी जोडलेली आहे.

ही चारही सजल फॉस्फेटं, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतच पाण्याचे रेणू बसलेले. त्यात नवल काय, आपले स्टिल्बाइटसारखे झिओलाइटही सजलच, असं तुम्ही म्हणाल. पण दोन्हीकडचं पाणी एकसारखं नाही. स्टिल्बाइटमध्ये पाणी सिलिकेटच्या सांगाड्यातल्या बोळांमध्ये असतं. बेताने तापवलं तर निघून जातं, गार झाल्यावर हवेतून परत येतं, सांगाडा बराचसा जागेवर राहतो. विवियनाइटमधले पाण्याचे आठही रेणू थेट लोहाला धरून आहेत, ते रचनेचेच खांब आहेत. ते हलले की इमारतच हलते. ‘वाघोलीच्या वस्तू तीस वर्षं शोकेसमध्ये आहेत, काही झालं नाही’ हा अनुभव म्हणूनच इथे कामाचा नाही.

वर्गीकरण बघतानाही हाच धागा धरावा. स्ट्रुंझच्या पद्धतीत आठवा वर्ग फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा. त्यात ‘८.सी’ म्हणजे पाणी आहे पण हायड्रॉक्सिलसारखा (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जादा ऋण आयन नाही, आणि ‘८.डी’ म्हणजे दोन्ही आहेत. ८.सीच्या पोटात पुन्हा भाग पडतात ते धातूच्या आयनांच्या आकारावरून आणि फॉस्फेटच्या मानाने पाणी किती त्यावरून. लडलामाइटमध्ये दोन फॉस्फेटांमागे पाण्याचे चार रेणू, म्हणजे एकास दोन, तो ‘८.सीडी’ या उपगटात. विवियनाइटमध्ये दोनांमागे आठ, एकास चार, तो ८.सीईत. फॉस्फोफिलाइटमधलं जस्त चार ऑक्सिजनांच्या मधोमध बसतं, लहान आयन म्हणून त्याची गणना होते, आणि त्यामुळे तो ८.सीएत जातो. वेवेलाइटमध्ये हायड्रॉक्सिल आणि फ्लुओरीन असल्याने तो ८.डीसीत. विक्रेत्याच्या यादीत हे आकडे छापलेले असतात आणि आपण ते ओलांडून फोटोकडे जातो. जरा थांबून वाचावेत, नमुना घरी किती टिकेल याचा पहिला अंदाज तिथेच मिळतो.

| | विवियनाइट | लडलामाइट | फॉस्फोफिलाइट | वेवेलाइट |
|---|---|---|---|---|
| मुख्य धातू | लोह | लोह | जस्त, लोह | अ‍ॅल्युमिनियम |
| पाण्याचे रेणू, वजनाने | सुमारे २९ टक्के | सुमारे १७ टक्के | सुमारे १६ टक्के | सुमारे २२ टक्के |
| स्फटिक प्रणाली | एकनताक्ष | एकनताक्ष | एकनताक्ष | समचतुर्भुजी |
| कठिनता | १.५ ते २ | ३.५ | ३ ते ३.५ | ३.५ ते ४ |
| विशिष्ट गुरुत्व | सुमारे २.७ | ३.१ ते ३.२ | सुमारे ३.१ | सुमारे २.४ |
| उजेडात | काळवंडतो | बराच टिकतो | टिकतो | टिकतो |

आता विवियनाइट. सौंदर्यात याला तोड नाही, आणि खरी अडचणही तीच आहे. फोटो बघून माणूस घसरतो. बोलिव्हियातल्या हुआनुनीसारख्या कथिलाच्या खाणींतले स्फटिक बाटलीच्या काचेसारखे हिरवे, पारदर्शक, कडा धारदार. कॅमेरूनमधल्या आन्लुआला चिकणमातीत मीटरभराहून लांब स्फटिक मिळालेले आहेत. जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नरने १८१७ साली कॉर्नवॉलमधल्या जॉन हेन्री विवियन या खाणमालकाचं नाव त्याला दिलं. दलदल, कुजकी झाडं, पुरलेली हाडं, जिथे लोह आहे, फॉस्फेट आहे आणि हवा पोचत नाही तिथे हा तयार होतो. आल्प्समध्ये सापडलेल्या ओट्झी या हिममानवाच्या कातडीवरही विवियनाइटचे निळे डाग मिळाले.

जमिनीतून निघतो तेव्हा तो जवळपास रंगहीन किंवा फिका हिरवा असतो. उजेड पडला की लोहाचा दोन प्रभाराचा आयन एक इलेक्ट्रॉन गमावून तीन प्रभाराचा होतो, आणि प्रभाराचा तोल सांभाळायला शेजारचा पाण्याचा रेणू एक प्रोटॉन सोडून हायड्रॉक्सिल बनतो. दोन प्रकारचं लोह शेजारी शेजारी आलं की त्यांच्यात इलेक्ट्रॉनची ये-जा सुरू होते आणि स्फटिक निळा दिसू लागतो. थोडंसं लोह बदललं तरी रंग लगेच गडद होतो. हे पुढे सरकत गेलं की विवियनाइटचा मेटाविवियनाइट होतो, त्याची प्रणालीही बदलून त्रिनताक्ष होते, आणि सगळंच लोह बदललं की उरतो तो सांताबार्बराइट नावाचा स्फटिकरचनाच नसलेला पदार्थ. एकदा काळा झालेला विवियनाइट परत हिरवा होत नाही. कुणी पॉलिश करून देतो म्हणाला तर हात जोडावेत.

हातात घेतला की आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. एक, वळवून पाहिला तर एका दिशेने गर्द निळा आणि दुसऱ्या दिशेने फिका पिवळसर हिरवा दिसतो. ही बहुवर्णिता चांगल्या नमुन्यात नुसत्या डोळ्यांना कळते. दोन, बाजूच्या कडेवर अभ्रकासारखे थर दिसतात. फॉस्फेट आणि लोहाचे पापुद्रे एकमेकांना धरून आहेत ते केवळ हायड्रोजन बंधांनी, त्यामुळे पाटन, म्हणजे ठराविक पातळीवर सपाट फुटणं, अगदी सहज. पातळ पापुद्रा तर वाकतोसुद्धा. नखाने ओरखडा उमटतो. बाजारातले बरेच मोठे स्फटिक याच पाटनावर सुटून परत चिकटवलेले असतात. अतिनील टॉर्च मारला तर डिंकाची रेघ बहुतेक वेळा चमकते. विक्रेत्याकडून टॉर्चखालचा फोटो मागावा. आणि फोटो आजचा हवा, खाणीतून निघाला त्या वर्षीचा नको.

लडलामाइट हा विवियनाइटचा सख्खा भाऊ म्हणावा असा. तेच तीन लोह, तीच दोन फॉस्फेटं, फक्त पाणी निम्मं. तोही मूळचा कॉर्नवॉलचाच, व्हील जेन खाणीतला, १८७७ साली नोंदवलेला. नाव हेन्री लडलाम या लंडनच्या संग्राहकाचं. पाणी कमी झालं तशी रचना दाटली, म्हणून विशिष्ट गुरुत्व २.७ वरून ३.१ च्या पुढे गेलं. तळहातावर दोन्ही सारख्या आकाराचे ठेवलेत तर वजनातला फरक जाणवतो. लोह इथेही दोन प्रभाराचंच आहे, तरी साध्या उजेडात त्याचा सफरचंदी हिरवा वर्षानुवर्षं राहतो. पाटन याचंही उत्तम आहे, तेव्हा पडला तर तुटणारच, पण कठिनता साडेतीन असल्याने कापसातून काढताना-ठेवताना घाम फुटत नाही.

दिसायला तो विवियनाइटइतका नाट्यमय नाही. पाचरीसारखे किंवा जाड पाटीसारखे स्फटिक, एकमेकांवर किंचित तिरके रचलेले, काचेसारखी चकाकी. आयडाहोतली ब्लॅकबर्ड खाण आणि मेक्सिकोतल्या सांता युलालियाची सान अँतोनियो खाण ही त्याची नावाजलेली ठिकाणं. माझी निवड विचाराल तर मेक्सिकोचा, पायराइटवर बसलेला घ्या: खाली पितळी चकाकी आणि वर हिरवे स्फटिक. निळ्याभोर कॅव्हनसाइटशेजारी हा रंग कपाटात उठून दिसतो. किमतीत तो वेवेलाइटच्या वर आणि चांगल्या फॉस्फोफिलाइटच्या खूप खाली. लहान नमुना घ्या पण पूर्ण स्फटिकाचा घ्या. मोठ्या आकारात फुटके कोपरे लपवलेले असतात.

फॉस्फोफिलाइटबद्दल लोक स्वप्नाळूपणे बोलतात. समुद्रासारखा निळसर हिरवा, पारदर्शक, दोन जस्त, एक लोह, दोन फॉस्फेटं आणि चार पाणी. १९२० साली बव्हेरियातल्या हागेनडोर्फहून त्याचं वर्णन झालं, पण जगाने डोक्यावर घेतला तो बोलिव्हियातल्या पोतोसीचा. तिथले उत्तम स्फटिक आता जुन्या संग्रहांतूनच फिरतात आणि किंमतही तशीच असते. पैलू पाडलेले खडे त्याहून दुर्मीळ, कारण कठिनता तीनच्या आसपास आणि पाटन उत्तम, त्यामुळे पैलू पाडता पाडता तुटण्याची भीती कायम.

गंमत अशी की हा दुर्मीळ दगड पुणे परिसरात रोज तयार होतो. गाडीच्या पत्र्याला रंगाआधी जस्ताच्या फॉस्फेटचा थर देतात. भोसरीच्या एमआयडीसीत ‘सेव्हन टँक’ म्हटलं की पावडर कोटिंगवाल्याला पुढचं सांगावं लागत नाही: ग्रीस काढा, धुवा, गंज काढा, धुवा, अ‍ॅक्टिव्हेशन, मग फॉस्फेटिंग, शेवटी पॅसिव्हेशन. फॉस्फेटिंगच्या टाकीतलं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं. पोलादाचा पृष्ठभाग थोडा विरघळतो, त्या जागी आम्लता कमी होते आणि तिथेच मायक्रॉनमध्ये मोजावे लागतील असे स्फटिक जमतात. जस्तासोबत पत्र्यातलं लोहही मिळालं तर फॉस्फोफिलाइट. लोह नसेल, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असेल, तर त्याचा नातेवाईक होपाइट, ज्यात तिन्ही धातू जस्तच. या दोघांमधलं फॉस्फोफिलाइटचं प्रमाण ‘पी रेशो’ म्हणून क्ष-किरणांनी मोजतात, कारण फॉस्फोफिलाइट अल्कलीला जास्त दाद देत नाही आणि वरचा रंग धरून ठेवायला मदत करतो. या लाइनवर काम केलेल्या कित्येकांना आपण कुठल्या रत्नाचा थर चढवतोय याची कल्पना नसते, आणि कपाटवाल्या संग्राहकांना फॉस्फेटिंगची.

म्हणून सल्ला असा: पोतोसीच्या मोठ्या स्फटिकामागे धावू नका. हागेनडोर्फचा मिलिमीटरभराचा मायक्रोमाउंट (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, डबीत बसवलेला छोटा नमुना) घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टिरिओ मायक्रोस्कोप. लघुतरंगी अतिनील दिव्याखाली जांभळा उजळतो का, तेही बघा.

वेवेलाइटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ती त्याची जमेची बाजू. १८०५ पासून माहीत असलेला, डेव्हनच्या डॉ. विल्यम वेवेल यांच्या नावाचा. अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्याचा घ्यावा: फटीत वाढलेले पिवळट हिरवे गोळे, खडक फुटताना मधोमध दुभंगलेले, मोसंबीच्या आडव्या फोडीसारख्या केंद्रातून निघालेल्या रेषा. पाणी बावीस टक्के असूनही हा स्थिर आहे. उजेडात रंग बदलायला लागतं ते दोन प्रभाराचं लोह त्यात नाहीच. अ‍ॅल्युमिनियमला एकच अवस्था ठाऊक. शाळकरी मुलगा किंवा मुलगी पहिलं फॉस्फेट मागत असेल तर डोळे झाकून हाच द्यावा.

पुण्याच्या हवेचं काय? पावसाळ्यातल्या दमटपणाला यातलं कुठलंच खनिज भीत नाही, विरघळणाऱ्या मिठासारखी ही नाहीत. त्रास एप्रिल-मेचा आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोरचं काचेचं शोकेस, चाळिशीला टेकलेला पारा आणि सुकी हवा, यात विवियनाइट ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याला बंद डबी, आतल्या खोलीतला ड्रॉवर आणि पाहुण्यांपुरता उजेड. सिलिका जेलच्या पुड्याही त्याच्या डबीत टाकू नयेत. आहे ते पाणी आत राहू द्यावं. लडलामाइटला शोकेस चालेल, पण दिवा एलईडी असावा आणि ऊन थेट नको.

एक सवय मात्र इथे मोडावीच लागेल. गारगोट्यांवरचा कॅल्साइट काढायला आपल्याकडे काहीजण सर्रास अ‍ॅसिडचा हात फिरवतात. लोहाची फॉस्फेटं अ‍ॅसिडमध्ये सरळ विरघळतात. अल्ट्रासॉनिकही नको, गरम पाणीही नको. मऊ ब्रश आणि फुंकर, बस.

टॉर्बर्नाइटचे हिरवेगार चौकोनी पत्रे ऑनलाइन याच यादीत दिसतील. त्यात युरेनियम आहे आणि पाणी सोडून तो मेटाटॉर्बर्नाइट होतो, म्हणजे किरणोत्सर्गही आणि भुगाही. फ्लॅटमध्ये नको. आणि घरात कुणाच्या अंगठीत खरा फिरोजा असेल तर एक सजल फॉस्फेट आधीच तुमच्याकडे आहे: तांबं, अ‍ॅल्युमिनियम, हायड्रॉक्सिल आणि पाण्याचे चार रेणू. कठिनता पाच ते सहा, वरच्या चौघांपेक्षा जास्त. लक्ष्मी रोडवर नवा घेणार असाल तर रंगवलेला हाउलाइट नाही ना, एवढं लेखी घ्या.