घरून काम करणाऱ्यांसाठी लातूरची अभ्यासिका: काय साधते, काय अडते

लातूरच्या ट्यूशन एरियात नीट, जेईई आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अभ्यासिका पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकीने आपला वरचा मजला आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम लातुरात राहून करणाऱ्यांना महिन्याच्या शुल्कावर द्यायला सुरुवात केली आहे. मी पुण्यातील एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिथे बसतो. गावी राहून काम करावे की पुन्हा पुण्यात खोली घ्यावी, अशा विचारात असलेल्यांना या सेवेचे गुणदोष आधी कळावेत, असे मला मनापासून वाटते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आलेल्यांपैकी बरेच जण कार्यालये उघडल्यावर परत गेले. जे राहिले, त्यांनी केवळ खोलीभाडे वाचते म्हणून मुक्काम केला असे नाही. उलट वडिलांच्या घरात राहून भाडे भरत नसल्यामुळे जुन्या करप्रणालीतील घरभाडे भत्त्यावरची सूट हातून जाते आणि वाचलेल्या पैशांतील काही भाग तिथेच संपतो. खरा लाभ वेगळा आहे. सोयाबीनची रास चालू असताना पहाटे वडिलांबरोबर शेतावर जाऊन, मळणीयंत्र लागेपर्यंत थांबून, वेळेवर कामाला बसता येते. वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, हा शेतात साजरा होणारा सण पुण्याच्या सुट्ट्यांच्या यादीत नसतो, आणि तेवढ्या एका दिवसासाठी तीनशेहून अधिक किलोमीटर यायचे म्हणजे दोन रात्री गाडीत काढायच्या. आता अर्ध्या दिवसाची रजा पुरते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबिलाचे जेवण सगळ्या भावकीबरोबर होते आणि दुपारी कामही चालू होते. पुण्यात असताना हा दिवस मी फोनवर आलेल्या छायाचित्रांतच पाहत असे, त्यामुळे या एका गोष्टीचे मोल मी पगाराच्या आकड्यात धरत नाही.

घरात बसून मात्र हे काम नीट होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तू घरीच तर आहेस’ या एका वाक्यावर गॅसची टाकी उतरवून घेण्यापासून पाहुण्यांना बसस्थानकावरून आणण्यापर्यंतची कामे आपल्याकडे येतात, आणि त्यात घरच्यांचा दोष नसतो, कारण डोळ्यांसमोर बसलेला माणूस कार्यालयात आहे, हे कोणालाही दिवसभर लक्षात ठेवणे अवघडच असते. संध्याकाळी काम संपले असेही होत नाही. लॅपटॉप त्याच पलंगाशेजारी उघडा राहतो आणि जेवणानंतर पुन्हा हात त्याच्याकडे जातो.

अभ्यासिकेचा पहिला गुण म्हणजे वीज. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या त्या क्षणभरात राउटर बंद पडतो, पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, तोवर कंपनीच्या यंत्रणेतून आपण बाहेर फेकले जातो आणि बैठकीत आपल्या नावाचा चौकोन गायब होतो. अभ्यासिकेच्या मालकांनी राउटरला स्वतंत्र छोटी बॅटरी जोडली आहे, त्यामुळे पंखा क्षणभर थांबतो पण बोलणे तुटत नाही. इतकी साधी सोय त्यांनी न सांगता केली, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. वरच्या मजल्यावर वातानुकूलन आहे, हेही मी मोठ्या सोयीत धरतो. कूलरचा आवाज माइकमधून थेट पलीकडे जातो, शिवाय २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात एप्रिल-मे महिन्यांत कूलरला रोज बादल्या भरून पाणी घालणे जिवावर येते.

महिन्याचे शुल्क १,८०० रुपये आहे, त्यात लॉकर आणि पिण्याचे पाणी येते. स्वच्छता चांगली आहे, परंतु महिलांसाठीचे स्वच्छतागृह केवळ खालच्या मजल्यावर आहे, आणि ही उणीव लवकर दूर व्हायला हवी.

सर्वांत मोठी अडचण बोलण्याची आहे. संपूर्ण मजल्यावर फोनसाठी प्लायवूडची एकच केबिन आहे. तिच्या वेळा दाराबाहेरच्या वहीत लिहून घ्याव्या लागतात, आणि सकाळी अकराच्या सुमारास, जेव्हा बहुतेक कंपन्यांच्या दैनंदिन बैठका असतात, तेव्हा वहीत जागा शिल्लक नसते. केबिनच्या भिंती छतापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे आतले बोलणे बाहेर ऐकू येते. ग्राहकाच्या माहितीविषयी बोलताना हे मला धोक्याचे वाटते. माझ्या जागेमागचा कॅमेराही थेट पडद्यावर रोखलेला होता. सांगितल्यावर मालकांनी तो वळवून दिला, पण नव्याने येणाऱ्याने आधी हेच पाहून घ्यावे. टेबलांची पुढून मागची रुंदी वहीच्या बेताने ठेवलेली आहे. विद्यार्थी पुढे वाकून लिहितो, त्याला ते पुरते. लॅपटॉप ठेवून कोपर टेकवायला मात्र जागा उरत नाही आणि दुपारपर्यंत खांदे भरून येतात. मी स्वतःचा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड नेल्यावर त्रास बराच कमी झाला.

फेब्रुवारीपासून मे महिन्यातील नीट परीक्षेपर्यंत वरच्या मजल्यावरही विद्यार्थी बसवले जातात आणि कुजबुजीवरही हरकत येते. त्यांच्या दोन वर्षांच्या मेहनतीचा तो काळ असतो, म्हणून त्यांची हरकत मला रास्तच वाटते. तथापि पूर्ण शुल्क भरणाऱ्या नोकरदारांना हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे, आणि ते सांगितले जात नाही.

संगणकप्रणाली, हिशेब किंवा लेखनाचे शांत काम करणाऱ्याने ही जागा अवश्य घ्यावी. दिवसभर ग्राहकांशी बोलण्याची नोकरी असेल, तर दुसरी केबिन होईपर्यंत थांबावे. मालक एक दिवस विनाशुल्क बसू देतात. तो दिवस रविवार न निवडता कामाचा निवडावा, सकाळी अकराची आपली खरी बैठक तिथूनच करावी आणि मगच पैसे भरावेत.