जिनिंगच्या पॅनेलला कोणता एमसीसीबी: थर्मल की इलेक्ट्रॉनिक?

एमसीसीबी म्हणजे जादा करंट झाला की वीज तोडणारा (‘पडणारा’) मोठा ब्रेकर. थर्मल-मॅग्नेटिकमधली द्विधातू पट्टी करंटने तापून वाकते आणि ब्रेकर पाडते; ती सहसा ४० अंशांवर जुळवलेली असते. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा, हंगाम एप्रिलपर्यंत लांबला, की पत्र्याच्या शेडमधलं पॅनेल त्याहून तापतं आणि लोड ठीक असूनही ब्रेकर पडतो. इलेक्ट्रॉनिक युनिट सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) करंट मोजतं, उन्हाने सेटिंग हलत नाही. (आतलं तांबं मात्र तापतंच, डीरेटिंग, म्हणजे तापमानानुसार घटणारी क्षमता, बघा.)

खरा फरक सेटिंगचा. ब्रेकर २५० अँपिअरचा, केबल १६० ची: थर्मलची डायल बहुधा ०.८ च्या, म्हणजे २०० च्या खाली येत नाही. केबल भाजते, ब्रेकर गप्प. इलेक्ट्रॉनिकला ०.६ लावा, १५० झाले. इलेक्ट्रॉनिक मेन ब्रेकरला शॉर्ट-टाइम डिले दिला, म्हणजे शॉर्ट सर्किटवर क्षणभर थांबायला लावलं, तर आधी बिघाड झालेल्या शाखेचा फीडर ब्रेकर पडतो. पण सगळ्या डायल कमालवर सोडल्या, तर जास्तीचे पैसे पाण्यात.

शेतातल्या पंपाला थर्मलच पुरे. स्टार्टरमध्ये मोटरला जादा लोडपासून वाचवणारा ओव्हरलोड रिले असतोच.