पेमेंटचा बोलका बॉक्स: वर्षभर वापरल्यावर

यूपीआयचे पैसे जमा झाले की मोठ्याने बोलून सांगणारा हा बॉक्स, आता प्रत्येक गल्ल्यावर एक बसलेला आहे. आमचं शहापुरात किराणा दुकान, बॉक्स एका बँकेचा. आवाज खणखणीत, चार्जिंग टिकतं. तरीही दोनच तारे, कारण भाडं.

खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून चार्ज घ्यायचा नाही, हा नियम जानेवारी 2020 पासूनचा. मग महिन्याला सव्वाशे कसले? तर बॉक्सचे. बरं, द्यायलाही हरकत नव्हती. पण ऐन पावसाळ्यात बॉक्स मुका झाला, सर्व्हिसवाला ‘उद्या येतो अण्णा’ करत राहिला आणि भाडं मात्र एक तारखेला बरोबर कटलं. पैसे कापायला बरी रेंज मिळते!

त्यातच वडगावच्या एका मावशींचे 640 रुपये अडकले. त्यांच्या खात्यातून गेले, माझ्याकडे आलेच नाहीत. जुनं गिऱ्हाईक, माल दिला. हेल्पलाईन म्हणते बँकेला विचारा, बँक म्हणते ॲपला विचारा. मग भाच्याने रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक दाखवलं: दुकानात दिलेले पैसे असे लटकले तर व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. मावशींना त्यांच्या बँकेने पैसे दिले, वर उशिराचे 200. त्यांनी लगेच माझे 640 रोख आणून दिले. हे मला खरंच अपेक्षित नव्हतं. बॉक्स बंद पडला तर दुकानदाराला रोज शंभर, असं कलम मात्र त्यात कुठे सापडलं नाही.

बॉक्स दुरुस्त झाल्यावर मत थोडं बदललं, तेही सांगतो. एक पोरगा फोनवर हिरवी खूण दाखवून तेलाचा डबा उचलायला लागला. बॉक्स गप्प. ‘थांब की, बोलू दे त्याला,’ म्हटल्यावर डबा ठेवून पसार झाला. नुसत्या स्कॅनरवर तो डबा गेलाच असता.

2025 च्या जुलैत यूपीआयवरची जमा बघून दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा निघाल्या तेव्हा बेंगळुरात ‘फक्त कॅश’च्या पाट्या लागल्या. आमच्या शेजारच्यानेही स्कॅनर काढला. मी ठेवला. आपली उलाढाल जीएसटी नोंदणीच्या 40 लाखांच्या मर्यादेच्या आसपासही नाही, आणि सुट्ट्यासाठी चॉकलेटं वाटायची ती कटकट परत नको.

बंद काळातलं भाडं परत मागणारा अर्ज शाखेत दिलाय, पोच घेतलीय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकणार. सव्वाशेच आहेत, पण माझे आहेत.