एकच पोरगा, चार देश, सीव्हीचे चार साचे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात दोन फायली सगळ्यात जास्त उघडल्या जातात. एक लग्नाच्या बायोडाटाची, दुसरी नोकरीच्या. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं दोन्ही एकाच साच्यातून निघायच्या. गणपतीच्या जागी ठळक अक्षरात ‘करिक्युलम व्हिटे’, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, मामाच्या गावाऐवजी छंद, आणि शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’. गोकुळ शिरगावच्या कंपनीला एवढं पुरायचं. साहेब ओळखीचे असायचे, कागद नावापुरता.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा आला. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीला सहा वर्षं. मोबाइलवर तीन जाहिराती दाखवल्या. एक अबुधाबीची, एक स्टुटगार्टजवळची, एक बर्मिंगहॅमची. म्हणाला, “काका, इंग्लिशमध्ये एकच भारी सीव्ही करून द्या, तिन्हीकडं टाकतो.”

म्हटलं, “भावा, तिन्हीकडं वाचणारा माणूस वेगळा आहे. एकाला तुझा फोटो लागतो, दुसऱ्याला फोटो बघितला की अडचण होते.”

तेव्हा त्याच पोराला समोर धरून सांगतो. कुठला सीव्ही करायचा हे ठरवताना ‘कुठला भारी दिसतो’ हे विचारू नका. तो पहिल्यांदा कोण उघडणार, एजंट, एचआर की कॉम्प्युटर, एवढं बघा.

सुरुवात ब्रिटिश साच्यापासून करा, कारण त्यातून बाकीचे कापून काढता येतात. ए-फोरची दोन पानं. वर नाव, फोन, ईमेल, शहर आणि देश. त्याखाली तीन-चार ओळींत तुम्ही कोण. मग अनुभव, आत्ताची नोकरी आधी आणि जुनी नंतर. शिक्षण त्याच्या खाली. फोटो, जन्मतारीख, धर्म, लग्न यातलं काहीच नको. तिथं 2010 चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे, वय किंवा धर्म बघून माणूस डावलला असा आरोप कंपनीला नको असतो, त्यामुळं ही माहिती त्यांच्या टेबलावर न आलेलीच बरी. ‘रेफरन्सेस अव्हेलेबल ऑन रिक्वेस्ट’ ही ओळही उडवा, मागितले तर द्यायचेच आहेत. एक ओळ मात्र प्रामाणिकपणे घाला, व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल. ती लपवून काही होत नाही. कामगार बाहेरून आणायचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर खुली आहे. सीव्ही पाठवायच्या आधी कंपनीचं नाव तिथं शोधा, नसेल तर तो अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

अमेरिकन साचा याचाच आटवलेला भाऊ. दहा वर्षांच्या आत अनुभव असेल तर एक पान. त्याला तिथं रेझ्युमे म्हणतात, सीव्ही हा शब्द प्राध्यापक-संशोधकांसाठी. कागदसुद्धा वेगळा, लेटर साइझ, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि आखूड. पान त्या मापाचंच करा. फोटो-वय इथंही नको. आयटीतल्या पोरांना आणि पुण्यातल्या अमेरिकन कंपन्यांत अर्ज करणाऱ्यांना हा साचा लागतो. फाउंड्रीवाल्याला थेट अमेरिकेतून बोलावणं येण्याचा योग कमी, म्हणून आमच्या पोराचा हा चौथा सीव्ही मी केलाच नाही.

आता जर्मनी. यावर जरा जास्त बोलतो, कारण 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून माझ्या काउंटरवर नर्सिंगच्या पोरी, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिकलवाले सगळे ‘युरोपास करून द्या’ म्हणत येतात. त्याच वर्षी 1 जूनपासून जर्मनीनं चान्सनकार्ट सुरू केलं. नोकरी हातात नसताना तिथं जाऊन शोधायची परवानगी, गुणांवर मिळणारी. त्यालाही भाषा लागते, जर्मन किमान ए-वन किंवा इंग्लिश बी-टू. ए-वन ही भाषेची सगळ्यात खालची पायरी, सी-टू सगळ्यात वरची.

युरोपास म्हणजे युरोपीय संघाचा अधिकृत नमुना. 2005 पासून आहे, 2020 च्या जुलैत नव्या रूपात आला. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो. फुकट हा शब्द ठळक वाचा, कारण हाच फॉर्म भरून द्यायला हजारो रुपये घेणारे लोक आहेत. माझ्याकडं टायपिंगचे तेवढे पैसे पडतील. त्यातली भाषेची तक्ता-पट्टी मला आवडते. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं वेगवेगळं, ए-वन ते सी-टू. ‘इंग्लिश, हिंदी, मराठी नोन’ यापेक्षा कितीतरी स्पष्ट. शिष्यवृत्ती, विद्यापीठ, सरकारी किंवा युरोपीय संस्थेच्या जाहिरातीत युरोपास मागितला असेल तर तोच द्या, दुसरं काही डोकं लावू नका.

पण खासगी जर्मन कंपनीनं मागितला नसेल तर मी तो देत नाही. लांबतो, सगळ्यांचा सारखाच दिसतो. तिथला नेहमीचा लेबेन्सलाउफ म्हणजे डावीकडं महिने-वर्षं, उजवीकडं काम, एक ते दोन पानं. फोटो लावायची जुनी रीत आहे, पण 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्या तो मागायचं टाळतात. लावायचाच तर स्टुडिओतला लावा. रंकाळ्यावरचा सेल्फी कापून आणलेला मी परत पाठवला आहे. खाली तारीख, गाव आणि सही करायचीही तिथली जुनी पद्धत. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर सीव्ही जर्मनमध्येच जातो, इंग्लिश पाठवून ‘मला भाषा येत नाही’ हेच आपण आधी सांगून बसतो. नर्सिंगला तर बहुतेक ठिकाणी बी-टू लागतंच.

आमच्या पोराचं खरं काम जर्मन साच्यातच निघालं. पहिली अडचण गुण. त्यानं लिहिलं होतं, ‘सीजीपीए 8.2’. जर्मनीत 1 म्हणजे उत्तम आणि 5 म्हणजे नापास. त्यामुळं 8.2 कोरडा आकडा नको, ‘दहापैकी 8.2’ असं लिहायचं. ‘फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन’ही तिथं कुणाला कळत नाही. दुसरी अडचण कॉलेज. आपल्या पोरांच्या अंगवळणी पडलंय कॉलेजचं नाव सांगायचं, पण पदवी दिली शिवाजी विद्यापीठानं. जर्मन लोक अनाबिन नावाच्या यादीत विद्यापीठ शोधतात, एच प्लस असा शेरा दिसला की संस्था मान्य. विद्यापीठाचं नाव वर, कॉलेज खाली. डिग्रीच्या कागदावर जे स्पेलिंग तेच.

तिसरी अडचण सात महिन्यांचा खड्डा. पहिली नोकरी सुटली आणि दुसरी लागायच्या आत हा घरचा ऊस बघत होता. लपवायला म्हणून त्यानं महिने काढून नुसती वर्षं लिहिली होती. इंग्लंडात हे एखाद वेळेस खपेल, जर्मन माणूस महिने मोजतो. आम्ही सरळ लिहिलं, अमुक ते अमुक, घरची शेती सांभाळली, साडेतीन एकर ऊस. त्यात लाजायचं काय?

आखाती देशांचा सीव्ही या सगळ्याच्या उलटा. तो पहिल्यांदा वाचतो मुंबईतला एजंट, तोही व्हॉट्सॲपवर, एका हातात चहा घेऊन. त्याला वरच्या चार इंचात सगळं लागतं. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, नागरिकत्व, वय, व्हिसाची स्थिती, नोटीस पिरियड, गल्फचा अनुभव असेल तर किती वर्षं, तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर ते. ब्रिटिश सीव्हीत जे पाप, ते इथं पुण्य. फायलीचं नावसुद्धा असं ठेवा की डाउनलोडच्या ढिगात सापडेल, नाव, ट्रेड, वर्षं. वेल्डर असाल तर गोड वाक्यं नकोत. वेल्डिंगची पोझिशन थ्री-जी की सिक्स-जी, पद्धत टिग की आर्क, पाइप किती इंची, सर्टिफिकेट कधी संपतं, बस्स.

पण पासपोर्ट नंबर आणि स्कॅन सीव्हीत घालू नका, वैधता कधीपर्यंत तेवढं पुरे. एजंटाचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. सेवाशुल्काची सरकारी मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. माझ्याच दुकानात सीव्ही केलेल्या एका वेल्डरनं याच्या चौपट मोजले आणि मला सांगितलं तेव्हा पावती विचारली तर गप्प बसला. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो. त्यांना आखाती देशांत कामाला जाताना परदेशगमनाची मंजुरी घ्यावी लागते, हेही आधी बघा.

विद्यापीठातून पीएचडी करून दक्षिण कोरियाला पोस्ट-डॉकला जाणाऱ्या मंडळींना यातलं काहीच लागू नाही. त्यांच्या सीव्हीला पानांची मर्यादा नसते, शोधनिबंधांची यादी हाच जीव. प्रत्येक निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक द्या, आणि संशोधक म्हणून स्वतःचा ऑर्किड क्रमांक वर लिहा.

साचा कुठलाही घ्या, त्यातली ओळ पोकळ असेल तर उपयोग नाही. पोरानं लिहून आणलेली ओळ अशी होती, ‘रिस्पॉन्सिबल फॉर ऑल इन्स्पेक्शन ॲक्टिव्हिटीज’. म्हटलं, हे उद्यमनगरातल्या कुठल्याही क्वालिटीवाल्याला लागू पडतं, तू काय केलंस? आधी काही सुचेना. चहा आला. मग म्हणाला, “पंपाच्या हाउसिंगला ब्लोहोल यायचे काका, ओतकामात हवेची भोकं. शंभरात नऊ पीस जायचे. वाळूतला ओलावा दिवसातनं दोनदा बघायचे, मी तासाला बघायला लावलं. पाचावर आलं.”

हे त्यानं लिहिलंच नव्हतं! आम्ही ओळ केली, ‘कट ब्लोहोल रिजेक्शन इन पंप हाउसिंग्ज फ्रॉम 9% टू 5% बाय चेकिंग सॅण्ड मॉइश्चर एव्हरी अवर’. सुरुवातीलाच क्रियापद, मग आकडा, मग कसं. गिऱ्हाईक कंपनीचं नाव काढलं, ‘युरोपियन पंप मेकर’ एवढंच ठेवलं, कारण ड्रॉइंग गुप्त ठेवायचा करार असतो. बचत बारा लाख होती. लाख बाहेर कळत नाही, म्हणून 1.2 मिलियन रुपीज. ‘पास्ड आउट इन 2018’ खोडलं, कारण इंग्रज त्याचा अर्थ 2018 मध्ये बेशुद्ध पडला असा घेईल. तिथं ‘ग्रॅज्युएटेड’. 05/08/2019 ही तारीख लंडनला 5 ऑगस्ट आणि न्यूयॉर्कला 8 मे, म्हणून महिना अक्षरात. फोन नंबरच्या सुरुवातीला शून्य नको, प्लस 91. नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, वडिलांच्या नावासकट, नाहीतर ऑफर लेटर एका नावावर आणि व्हिसा दुसऱ्या.

आता माझी स्वतःची चूक. कितीतरी वर्षं मी सीव्ही कोरल ड्रॉमध्ये करायचो. डावीकडं निळी पट्टी, कौशल्यांना चांदण्या, मस्त दिसायचा. प्रेसला फाइल देताना फॉन्ट बदलू नये म्हणून आम्ही डीटीपीवाले अक्षरांचे कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचं चित्रच होतं, ती सवय सीव्हीलाही लागली. एक पोरगी येऊन म्हणाली, काका, चाळीस ठिकाणी टाकला, एकाचंही उत्तर नाही. पीडीएफ उघडून अक्षरं सिलेक्ट करायला गेलो तर एक अक्षर सिलेक्ट होईना. कंपनीचं कॉम्प्युटर, ते एटीएस म्हणतात तेच, माणसाच्या आधी सीव्ही वाचतं, आणि त्याच्या दृष्टीनं तिचं पान कोरं होतं. तिला पैसे परत दिले. त्या दिवसापासून सीव्ही फक्त वर्डमध्ये.

तपासायची युक्ती सोपी. पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी क्रमानं आल्या तर मशीनही क्रमानं वाचेल. दोन रकान्यांचा सीव्ही असेल तर कॉलेजच्या नावाच्या मधोमध ‘एमएस एक्सेल’ घुसलेलं दिसतं. म्हणून एकच रकाना, साधे मथळे, फोन-ईमेल हेडरमध्ये न टाकता पानावरच. आखाती एजंटाला पाठवताना रंगीत चाललं तरी चालेल, त्याला माणूसच वाचतो. जर्मनी-इंग्लंडच्या मोठ्या कंपन्यांना साधाच.

पोरानं शेवटी ठरवलं. अबुधाबीची जाहिरात सोडली. ओळखीचे तिथं आहेत, पैसे लवकर मिळतील, पण काम सुपरवायझरचं होतं आणि याला लॅबमध्ये राहायचं आहे. बर्मिंगहॅमची कंपनी स्पॉन्सरच्या यादीत सापडली नाही. राहिलं स्टुटगार्ट. जाहिरात इंग्लिशमध्ये होती, म्हणून इंग्लिश लेबेन्सलाउफ, दीड पान, फोटो नाही. जर्मनचा ए-वन चालू आहे हेही लिहिलं, झालंय असं नाही लिहिलं.

पाठवताना बघितलं तर ईमेल पत्ता त्याच्या टोपणनावाचा, पुढं ‘किंग’ आणि जन्मवर्ष. म्हटलं, हे बदल आधी. दुकानातच नवा पत्ता काढला. साधं नाव-आडनाव आधीच कुणीतरी घेतलेलं, म्हणून मधे वडिलांचं आद्याक्षर घातलं. मग सेंड दाबलं.